द्रवणांक आणि दक्षता

सौंसर आणि पांढुर्णा ही दोन नावे एका दमात उच्चारली की नागपूरकडच्या माणसाला प्रथम संत्रे आठवते, मग कापूस आठवतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमारही आठवते. भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र सौंसर या नावाने निराळेच काही आठवते. मध्य भारतातील मँगनीजधारी प्राचीन खडकांच्या एका विस्तीर्ण मालिकेला शास्त्रज्ञांनी सौंसरचेच नाव दिले आहे. छिंदवाड्यापासून निघून नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून ही मालिका पसरलेली आहे. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. राज्यकारभाराच्या सीमा अशा बदलत राहतात. खडकाचे नाव मात्र जगाच्या ग्रंथांत कायम आहे.

या खडकांचा कसून अभ्यास लुइस ली फर्मर यांनी केला. भारतातील मँगनीजच्या साठ्यांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. याच परिसरातील सीतापार गावावरून त्यांनी एका खनिजाला ‘सीतापाराइट’ असे नाव दिले होते. पुढे अधिक सूक्ष्म तपासणी झाली तेव्हा ते ‘बिक्सबाइट’ या आधीच ज्ञात असलेल्या खनिजाहून निराळे नाही असे ठरले, आणि सीतापारचे नाव मागे पडले. यात फर्मर यांच्या थोरवीला कमीपणा येत नाही. पदार्थाला नाव देणे ही ओळखीची सुरुवात होय; मोजमाप केल्याखेरीज ती ओळख पुरी होत नाही, एवढेच त्यातून घ्यायचे. आजचा माझा विषय या मोजमापाचाच आहे. एखादा क्षार किती उष्णतेला वितळतो हे कसे ठरवतात, आणि त्या आकड्यावरून त्याच्यापासून किती धोका आहे याचा अंदाज कितपत बांधता येतो, हे आपण पाहू.

मँगनीजशी आमच्या मुलांची ओळख होते ती खाणीतल्या दगडाच्या रूपाने नव्हे, तर प्रयोगशाळेतल्या काळ्या भुकटीच्या रूपाने. प्राणवायू तयार करण्याचा जुना शालेय प्रयोग पुष्कळांना आठवत असेल. पोटॅशियम क्लोरेटचे पांढरे स्फटिक घ्यायचे, त्यांत थोडी मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड मिसळायची, कठीण काचेच्या परीक्षानळीत ते मिश्रण तापवायचे आणि बाहेर पडणारा वायू पाण्याखाली पालथ्या घातलेल्या बरणीत गोळा करायचा. विझत आलेली काडी त्या बरणीत घातली की ती भडकन पेटते आणि वर्गातून आनंदाचा एकच उद्गार निघतो. पिढ्यान्‌पिढ्या हा प्रयोग शाळांतून होत आला.

एखादा चौकस विद्यार्थी या वेळी एक प्रश्न हमखास विचारतो. “सर, पुस्तकात पोटॅशियम क्लोरेटचा द्रवणांक तीनशे छप्पन्न अंश दिला आहे. म्हणजे तिथपर्यंत तापवले तर काही धोका नाही, असेच ना?” प्रश्न साधा दिसतो, पण तो केवळ विद्यार्थ्याचा नाही. कारखान्याचा मालक, गोदामाचा रखवालदार, विहिरीत सुरुंग लावणारा कामगार, या सर्वांच्या मनात कधी ना कधी हाच प्रश्न येतो. आकडा छापलेला असला की त्याच्या अलीकडे सुरक्षितता आणि पलीकडे धोका अशी रेघ ओढून मोकळे व्हावे, असे मनाला वाटते. ही रेघ खरी असते काय?

प्रथम द्रवणांक म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ. स्थायूतील कण आपापल्या जागी बांधलेले असतात. उष्णता मिळत गेली की ते अधिकाधिक थरथरू लागतात, आणि एका ठराविक उष्णतामानाला ती बांधणी सुटते. बर्फ वितळत असताना कितीही उष्णता दिली तरी सर्व बर्फ संपेपर्यंत तापमापकातील पारा शून्य अंशावरच अडून राहतो. शुद्ध पदार्थाचे हेच लक्षण आहे. नॅफ्थलीनच्या पांढऱ्या गोळ्या ८० अंश सेल्सियसला वितळतात. आपल्या जेवणातले मीठ वितळायला मात्र ८०१ अंश लागतात. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ३३४ अंशांना वितळतो, तर त्याचा भाऊबंद सोडियम नायट्रेट सुमारे ३०८ अंशांना.

हा बिंदू ठरवण्याची प्रयोगशाळेतली सोपी पद्धत केशनलिकेची. केसासारख्या बारीक काचेच्या नळीचे एक तोंड बंद करायचे, तिच्यात कोरड्या पदार्थाची चिमूटभरसुद्धा नव्हे इतकी पूड भरायची, ती नळी तापमापकाच्या फुग्याला टेकवून तेलाच्या पात्रात धरायची आणि ते तेल हळूहळू तापवायचे. द्रवणांक जवळ आला की उष्णतामान मिनिटाला एखाद्या अंशाच्या बेताने वाढू द्यावे लागते. घाई केली तर पारा पुढे धावतो आणि पदार्थ मागे राहतो. पहिला थेंब दिसला तो आकडा आणि शेवटचा कण नाहीसा झाला तो आकडा, असे दोन आकडे टिपायचे. दोहोंतील अंतर अर्ध्या-एक अंशाचे असेल तर पदार्थ शुद्ध. अंतर मोठे असेल तर त्यात भेसळ आहे असे समजावे. एकदा वितळलेली पूड पुन्हा वापरायची नाही. दुसऱ्या वेळेस नवीन नळी आणि नवीन पूड घ्यायची.

नॅफ्थलीनसारख्या सेंद्रिय पदार्थांना ही पद्धत उत्तम. पण क्षारांच्या बाबतीत दोन अडचणी येतात. एक तर बहुतेक क्षारांचा द्रवणांक इतका वरचा असतो की तेल त्याआधीच धुरावते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. नायट्रेट आणि क्लोरेट हे क्षार स्वतःजवळ प्राणवायू बाळगून असतात. तापलेल्या तेलात अशा क्षाराची नळी फुटली, तर जळणारी वस्तू आणि जाळणारी वस्तू एकाच भांड्यात एकत्र येतात. म्हणून असल्या क्षारांचा द्रवणांक शाळेत तेलाच्या पात्रात काढू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आणि नव्या सहकाऱ्यांना आग्रहाने सांगत असतो.

मोठ्या प्रयोगशाळांत हे काम विजेच्या भट्टीत करतात आणि उष्णतामान तापयुग्माने मोजतात. दोन भिन्न धातूंच्या तारांची टोके जोडून केलेले हे साधन पाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे उष्णतामान सहज सांगते. आणखी सूक्ष्म पद्धत अशी की, काही मिलिग्रॅम क्षार एका इवल्या वाटीत घ्यायचा, शेजारी तशीच रिकामी वाटी ठेवायची आणि दोन्ही सारख्या गतीने तापवायच्या. क्षार वितळताना उष्णता शोषून घेतो, म्हणून आलेखात एक खळगा उमटतो. तो विघटन पावून उष्णता बाहेर टाकू लागला की उलट दिशेने उंचवटा उमटतो. या यंत्राचा खरेपणाही आधी तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी १५६.६ अंशांना वितळणारा इंडियम आणि २३१.९ अंशांना वितळणारे कथील यांसारखे धातू वापरतात. ज्याचे माप ठाऊक आहे त्याने आधी मापाड्याला मोजायचे, अशी ही सुंदर रीत आहे.

आता पोटॅशियम क्लोरेटकडे वळू. प्रमाणभूत ग्रंथ उघडून पाहिले तर कुठे ३५६ अंश आढळतात, कुठे ३६८. एवढा फरक का पडावा? हा क्षार वितळण्याच्या सुमारासच विघटनाच्या उंबरठ्यावर उभा असतो. शुद्धतेत थोडे उणेअधिक झाले, तापवण्याच्या गतीत फरक पडला, की आकडा हलतो. म्हणूनच रसायनांच्या सुरक्षिततेच्या मूल्यमापनात नुसता आकडा लिहून चालत नाही. पदार्थ विघटन न पावता वितळला, की वितळता वितळताच विघटन पावला, हेही त्याच्यापुढे नोंदवावे लागते. ही पुढची नोंदच अनेकदा आकड्याहून मोलाची ठरते.

बरे, हे झाले एकट्या, शुद्ध क्षाराचे. जगात एकटे आणि शुद्ध असे फार थोडे आढळते. सोडियम नायट्रेट ३०८ अंशांना वितळतो आणि पोटॅशियम नायट्रेट ३३४ अंशांना, हे आपण पाहिले. दोन्ही सारख्याच प्रमाणात एकत्र केले तर मिश्रण किती अंशांना वितळेल? दोहोंच्या मधला काहीतरी आकडा, असे उत्तर मनात येते. प्रत्यक्षात ते मिश्रण २२० अंशांच्या आसपासच द्रवरूप होते. सूर्याच्या उष्णतेवर वीज निर्माण करणाऱ्या केंद्रांत उष्णता साठवून ठेवण्यासाठी याच दोन क्षारांचे मिश्रण वापरतात, ते याच गुणामुळे. भेसळ द्रवणांक खाली आणते, हा नियम इथे माणसाच्या उपयोगी पडला. पण गोदामात फुटलेल्या दोन पोत्यांतले क्षार जमिनीवर एकमेकांत मिसळले, तर तोच नियम कुणालाही न विचारता तिथेही लागू होतो.

याहूनही विलक्षण गोष्ट आमच्या काळ्या भुकटीची आहे. निव्वळ क्लोरेट वितळल्यानंतरही पुष्कळ अधिक तापवावा लागतो, सुमारे ४०० अंशांपर्यंत न्यावा लागतो, तेव्हा त्यातून प्राणवायू जोराने सुटू लागतो. मँगनीज डायऑक्साइड मिसळला की हाच वायू क्षार वितळण्याच्या कितीतरी आधी निघू लागतो. काळी भुकटी स्वतः खर्ची पडत नाही. ती केवळ वाट सोपी करून देते. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. म्हणजे पुस्तकातील ३५६ हा आकडा खोटा नव्हता. परंतु परीक्षानळीत जे मिश्रण होते, त्याच्यासाठी तो आकडा नव्हताच. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. द्रवणांकाच्या अलीकडे सर्व क्षेम आहे असे समजणे म्हणजे घराच्या दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणे होय.

आणि समजा, ती काळी भुकटी मँगनीजची नसलीच तर? कोळशाची पूडही काळीच असते. डोळ्यांना दोहोंत फरक कळत नाही. परंतु क्लोरेटमध्ये कोळशाची पूड मिसळून तापवणे म्हणजे हातात सुरुंग धरणे आहे. बाटलीवरची चिठ्ठी फाटलेली, भुकटी काळी, आणि घंटा होण्याची घाई, एवढ्यावर अशा अपघातांची सामग्री पूर्ण होते. जगभरच्या शाळांतून हा जुना प्रयोग मागे पडत गेला, त्याचे हे एक कारण आहे. सौंसरच्या वाटेवर सापडलेला काळा दगड कुटून वापरावा, असेही कुणाच्या मनात येऊ नये. खाणीतील खनिजात नाना घटक मिसळलेले असतात, त्याला शुद्ध मँगनीज डायऑक्साइड म्हणता येत नाही. प्राणवायूच दाखवायचा असेल तर सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तीच काळी भुकटी चिमूटभर टाकावी. दिवा नको, क्लोरेट नको. थंडपणीच वायूचे बुडबुडे येतात, काडी तशीच पेटते, आणि मुलांच्या आनंदात तसूभरही उणे येत नाही.

शाळेतून बाहेर पडून आता शिवारात येऊ. पांढुर्ण्याकडचा खडक काळा बेसाल्ट आहे. सौंसरच्या पूर्वेला जुने, कठीण स्फटिकमय खडक आहेत. संत्र्याच्या बागेला पाणी हवे, म्हणून विहीर हवी, आणि विहीर हवी म्हणून खडक फोडायला हवा. खाणीत आणि दगडखाणीत तर सुरुंगावाचून चालतच नाही. सुरुंगाच्या या धंद्यात आज जगभर ज्या क्षाराचे राज्य आहे, तो अमोनियम नायट्रेट. १६५९ साली ग्लाउबर याने तो प्रथम तयार केला. त्याचा द्रवणांक आहे १६९.६ अंश, म्हणजे आपण पाहिलेल्या इतर क्षारांच्या मानाने फारच खालचा.

या क्षाराच्या स्वभावातील एक बाब आपल्या हवेशी थेट निगडित आहे. वितळण्याच्या कितीतरी आधी, ३२ अंशांना, त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आकारमान सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढते. थंड होताना ते पुन्हा आकसते. ३२ अंश हे आपल्याकडच्या उन्हाळ्यातले दुपारचे उष्णतामान नव्हे. ती तर सकाळची गोष्ट झाली. म्हणजे पत्र्याच्या गोदामातील पोते दररोज दिवसा फुगते आणि रात्री आकसते. दाणे फुटतात, त्यांची पूड होते, ती हवेतील ओल शोषते आणि सगळ्याचा दगडासारखा गठ्ठा बनतो. ओल शिरली की द्रवणांकही खाली येतो. द्रवणांक पाहणाऱ्याने १६९ पाहिले. पण खोडी सुरू झाली होती ती ३२ पासूनच.

असा गठ्ठा फोडण्याच्या खटपटीतून केवढा अनर्थ होऊ शकतो, ते जर्मनीतील ओपाऊ येथे २१ सप्टेंबर १९२१ रोजी जगाने पाहिले. तेथे अमोनियम सल्फेट व नायट्रेट यांचे घट्ट झालेले मिश्र खत लहान सुरुंग लावून सैल करण्याची वहिवाट होती. अनेकदा काही झाले नाही, म्हणून ती वहिवाट निर्धोक मानली गेली. त्या दिवशी मात्र ढीगच उडाला आणि पाचशेहून अधिक माणसे दगावली.

वितळलेल्या अवस्थेत हा क्षार अधिक घातक का होतो, तेही समजून घेतले पाहिजे. उघड्यावर तो तापला तर दोन क्रिया एकाच वेळी चालतात. एका क्रियेत नायट्रस ऑक्साइड वायू व वाफ निर्माण होऊन उष्णता बाहेर पडते. दुसरीत अमोनिया आणि नायट्रिक आम्लाची वाफ सुटून उष्णता शोषली जाते. दुसरी क्रिया पहिलीला आवर घालते, आणि म्हणून उघड्यावर तो स्वतःला थोडाफार सावरू शकतो. पण वायूंना बाहेर पडायला वाटच ठेवली नाही तर हा आवर सुटतो, दाब आणि उष्णता परस्परांना वाढवीत जातात. वितळलेला क्षार मोरीत, नळात किंवा गटारात उतरून कोंडला गेला तर हेच होण्याचा संभव असतो. त्यात डिझेल, कोळसा, लाकडाचा भुसा वा कापूस मिसळला असेल तर मग बोलायलाच नको.

१६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकँप’ जहाजावर सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट होता. आग लागली तेव्हा माल भिजून वाया जाऊ नये म्हणून पाणी मारण्याचे टाळले, झाकणे घट्ट बंद केली आणि आत वाफ सोडली. लाकडाची आग अशाने गुदमरली असती. परंतु ज्या क्षाराच्या पोटातच प्राणवायू आहे, त्याची आग कोंडल्याने विझत नाही. उलट वाफेने तो अधिक तापला. थोड्याच वेळात जहाज उडाले आणि सुमारे ५८० माणसांचा अंत झाला. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या २,७५० टनांनी दोनशेहून अधिक बळी घेतले. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटाची आठवण आपल्याकडे अजून पुसलेली नाही. तिथे हा क्षार नव्हता, परंतु एकाच जहाजात स्फोटके आणि कापूस शेजारी शेजारी भरले होते. कापसाच्या मुलखातल्या माणसांनी ती गोष्ट विसरू नये.

आपल्या देशात २०१२ साली अमोनियम नायट्रेटसाठी स्वतंत्र नियम करण्यात आले. ज्या मिश्रणात हा क्षार पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक आहे ते सामान्यतः त्या नियमांखाली येते, आणि त्याच्या साठ्याला व वाहतुकीला परवाना लागतो. हे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्या शेजारीच, नागपुरात आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ज्वलनशील पदार्थाची भेसळ ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तरच या क्षाराची गणना नुसत्या ऑक्सिडीकारकात होते. पाचशे भागांत एक भाग, एवढीच ती मोकळीक. शेतकरी बंधूंच्या मनात उगाच भीती राहू नये म्हणून सांगतो की, आपल्या घरातला युरिया म्हणजे हा क्षार नव्हे. युरिया १३३ अंशांना, म्हणजे याहूनही लवकर वितळतो, पण तो प्राणवायू पुरवणारा नाही. नुसत्या द्रवणांकावरून धोका ठरवला असता तर युरियाच अधिक भयंकर ठरला असता!

तेव्हा कोणत्याही क्षाराचा आकडा हाती आला की त्याला चार प्रश्न विचारावेत. हा क्षार विघटन न पावता वितळतो काय? त्याच्यात काय मिसळले आहे किंवा मिसळू शकते? तो कोंडलेला आहे की मोकळा? आणि साठा किती आहे? चिमूटभर पुडीने केशनलिकेत दिलेली साक्ष हजार पोत्यांच्या ढिगाला जशीच्या तशी लागू पडत नाही. ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. असा क्षार डिझेलच्या पिंपाशेजारी, सरकीच्या किंवा कापसाच्या ढिगाजवळ ठेवू नये. गठ्ठा झालेले पोते घण घालून वा सुरुंगाने फोडू नये. सुरुंगाचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे आणि उरलेला माल घरी आणू नये. साठ्याला आग लागलीच तर दारे लावून ती कोंडण्याचा प्रयत्न करू नये. माणसांना दूर न्यावे, अग्निशामक दलाला कळवावे आणि आत कोणता क्षार आहे ते आधी सांगावे. शाळेच्या कपाटात चिठ्ठी नसलेली एकही बाटली राहू देऊ नये. यातील एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही.

विज्ञान शिकवताना आम्ही मुलांकडून आकडे पाठ करून घेतो, आणि ते योग्यही आहे. पण आकडा कोणत्या पदार्थाचा, कोणत्या परिस्थितीतला आणि कशा रीतीने काढलेला, हे विचारण्याची सवय त्यांना लागली नाही तर ती पाठांतरे संकटाच्या वेळी उपयोगी पडणार नाहीत. सौंसर-पांढुर्ण्याची हीच मुले उद्या कुणी खाणीत जातील, कुणी गोदामाचा हिशेब ठेवतील, कुणी बागेतली विहीर खोल करतील. काळी भुकटी हाताळण्यापूर्वी बाटलीवरची चिठ्ठी वाचायला ज्याला शाळेत शिकवले गेले, तो पोत्यावरची अक्षरेही वाचील. आणि त्या वाचण्यावर त्याचा एकट्याचाच नव्हे, शेजारच्या दहा घरांचा जीव अवलंबून असेल.